तांब्याच्या तारेतलं चोवीस मीटरचं जळगाव

मृग लागायला चार दिवस होते. दिवसभर जळगाव तव्यासारखं तापलं आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. आधी वारा, मग धुळीचे लोट, मग विजा. एक वीज इतकी जवळ कडाडली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दिवे गेले, परत आले. घरातलं सगळं जागच्या जागी होतं. फक्त वरच्या खोलीतल्या माझ्या संगणकाचं नेट गेलं होतं.

धुळ्याला देवपुरात माझा भाचा राहतो. नेटवर्क टाकायची कामं करतो. त्याला फोन लावला.

“मामा, मागे केबल लावता ना, तिथली लाइट लागते का?”

“नाही रे.”

“राउटरचा पोर्ट बदलून पाहा. आणि तीच केबल लॅपटॉपला लावून पाहा.”

पाहिलं. पोर्ट बदलल्यावर लॅपटॉपला नेट आलं. म्हणजे केबल धड होती, पण तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट गेले होते: खाली राउटरच्या चारांतला एक आणि वर माझ्या मदरबोर्डवरचा. ही केबल मी बाहेरच्या भिंतीवरून, गच्चीच्या कडेने वर चढवली होती. जवळ पडलेल्या विजेने त्या तारेत क्षणभर दाब उठवला आणि तेवढ्यात काम झालं.

“बोर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका,” भाचा म्हणाला. “गोलाणीत जा, पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट लॅन कार्ड घ्या. सहा-सातशेत काम होईल. आणि मामा, केबल आता जिन्यातून आत घ्या.”

दुसऱ्या दिवशी गोलाणी मार्केटातून कार्ड आणलं. विड्याच्या पानापेक्षा लहान हिरवी पट्टी, एका बाजूला पत्र्याची पट्टी आणि तिच्यात चौकोनी भोक. बसवायला पाच मिनिटं लागतात हे ठाऊक होतं. तरी बसवण्याआधी भिंग घेऊन ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं, आणि दुपार तिथेच सरली.

सोन्याची किनार

आधी नजरेत भरते ती कार्डाच्या खालच्या कडेची पिवळी चकाकी. तिथे एका बाजूला अठरा आणि दुसऱ्या बाजूला अठरा अशा छत्तीस बारीक पट्ट्या आहेत. त्यांवरचा मुलामा खऱ्या सोन्याचा असतो. जाडी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. केसाच्या जाडीचे पन्नासेक भाग केले तर त्यातल्या एकाएवढी. जळगावच्या सराफ बाजारात या सोन्याला कोणी तराजूत घालणार नाही. पण सराफाला सोनं ज्या गुणासाठी प्रिय, त्याच गुणासाठी ते इथेही आहे: ते काळवंडत नाही. तांबं उघड्यावर राहिलं की त्यावर थर धरतो आणि तो वीज अडवतो. सोनं वर्षानुवर्षं तसंच राहतं, म्हणून धातूला धातू नीट टेकतो.

सोन्याच्या वर मधोमध एक काळी चिप आहे, नखाएवढी. माझ्या कार्डावरची रिअलटेकची आहे, तैवानच्या कंपनीची. जगातल्या असंख्य साध्या संगणकांत याच घराण्याच्या चिपा असतात. चिपेच्या बाजूला चकचकीत पत्र्याची छोटी डबी आहे. तिच्यात स्फटिकाचा एक काप सेकंदाला अडीच कोटी वेळा कंप पावतो. हा कार्डाचा ताल. चिप या तालाची पाचपट करते आणि त्या लयीत, म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटी ठोक्यांवर, तारेत बोलते.

आणि मग, चिप आणि केबलचं भोक यांच्यामध्ये एक काळा ठोकळा. माझी दुपार खाल्ली ती याने.

जिथे तार तुटते

आपण समजतो की राउटरपासून संगणकापर्यंत एक अखंड तार जाते. ती जात नाही. त्या काळ्या ठोकळ्यात ती मुद्दाम तोडलेली असते. आत ज्वारीच्या दाण्याएवढी फेराइटची कडी असतात आणि प्रत्येक कड्याभोवती केसासारख्या तारेचे वेढे. केबलकडून आलेली तार एका वेढ्यात संपते. चिपेकडे जाणारी तार दुसऱ्या वेढ्यातून सुरू होते. दोन्ही एकाच कड्यावर शेजारी असतात, पण वार्निशाचं पातळ आवरण त्यांना एकमेकींना शिवू देत नाही. हा ट्रान्सफॉर्मर आहे, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीचाच नातलग. कड्याच्या भोकातून तार ओवण्याचं काम इतकं नाजूक की अनेक कारखान्यांत ते अजून माणसांच्या बोटांनी होतं.

एका वेढ्यातली वीज बदलली की कड्यातलं चुंबकत्व बदलतं आणि त्या बदलाने दुसऱ्या वेढ्यात वीज उठते. मायकेल फॅरडेने १८३१ साली लंडनमध्ये लोखंडाच्या कड्यावर दोन वेढे गुंडाळून हेच पाहिलं होतं. आपला प्रत्येक फोटो, प्रत्येक निरोप, बँकेचा प्रत्येक व्यवहार त्या दाण्याएवढ्या कड्यात काही क्षण वीज राहत नाही. तो चुंबकत्व होऊन पलीकडे उतरतो आणि पुन्हा वीज होतो.

इतका खटाटोप कशासाठी? दोन घरांची, दोन मजल्यांची अर्थिंग सारखी नसते. थेट तार जोडली तर दोन यंत्रांमधल्या दाबाचा फरक त्या तारेतून वाहत राहील. ही चुंबकाची भिंत स्थिर दाब अडवते आणि फक्त थरथर पलीकडे जाऊ देते. प्रमाणानुसार तिने १,५०० व्होल्ट सोसायला हवेत. माझ्याकडे विजेचा तडाखा त्याहून मोठा असणार, म्हणून पोर्ट गेला. पण बाकीचा संगणक वाचला तो बहुधा याच भिंतीमुळे. बोर्डावरचा जुना पोर्ट मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. तिथला ठोकळा घाव स्वतः झेलून पडला आहे.

सराफाचा तराजू

आता केबल. वरचं आवरण सोललं की आठ तारा दिसतात, आणि त्या दोन-दोन करून पिळलेल्या असतात: नारिंगी आणि पांढरी-नारिंगी, हिरवी आणि पांढरी-हिरवी, निळी, तपकिरी. हा पीळ तारा सुटू नयेत म्हणून घातलेला नाही. तो टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या डोक्यातला आहे. त्याने १८८१ साली त्याचं पेटंट घेतलं.

भोवतालच्या हवेत विजेचा गोंगाट असतो. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, ट्यूबलाइट हे सगळे तारेत आपापली कुरकुर पेरतात. एकाच तारेतून निरोप पाठवला तर त्यात ही कुरकुर मिसळणार. म्हणून निरोप दोन तारांतून पाठवतात: एकीत जेवढा दाब वर, दुसरीत तेवढाच खाली. आणि पलीकडचं कार्ड एकेका तारेचा दाब मोजत नाही, फक्त दोघींतला फरक पाहतं.

सराफाच्या तराजूचं हेच आहे. दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही. मोटरची कुरकुर दोन्ही तारांवर सारखी पडली की ती आपोआप वजा होते. पण एखादी तार मोटरच्या जवळ आणि दुसरी लांब राहिली तर? त्यासाठी पीळ. थोड्या अंतरावर ही जवळ, पुढच्या अंतरावर ती जवळ. जणू सराफ सतत पारड्यांची अदलाबदल करतो आहे. आणखी बारकाई म्हणजे चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. एखादी जोडी घट्ट, एखादी सैल, म्हणजे शेजारच्या जोडीचं बोलणंही तिला चिकटत नाही. केबलला टोक लावणारा पोरगा पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडू नका म्हणतो, ते यासाठी. त्या दोन बोटांच्या उलगडलेल्या तुकड्यात तराजू उघडा पडतो.

एका शब्दाची लांबी

या चार जोड्यांतून सेकंदाला शंभर कोटी बिट कसे जातात याचा हिशोब मी कागदावर मांडला. इथून पुढे मला खुर्चीत स्वस्थ बसवेना.

प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी ठोके. दर ठोक्याला कार्ड पाच पातळ्यांपैकी एक दाब ठेवतं: शून्य, अर्धा आणि एक व्होल्ट वर, अर्धा आणि एक व्होल्ट खाली. चार जोड्या, प्रत्येकीला पाच पातळ्या, म्हणजे एका ठोक्यात ६२५ वेगवेगळ्या जुळण्या. एका बाइटसाठी २५६ पुरतात. उरलेल्या जुळण्या वाया जात नाहीत. त्यांच्या आधारे पलीकडचं कार्ड गोंगाटात बिघडलेला ठोका ओळखून दुरुस्त करतं. तर एका ठोक्याला एक बाइट. ठोका आठ नॅनोसेकंदांचा. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.

तांब्याच्या या तारेत संदेश नॅनोसेकंदाला सुमारे वीस सेंटिमीटर धावतो. म्हणजे एक बाइट तारेत पसरतो सुमारे १.६ मीटर. संगणक देवनागरी लिहिताना प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला तीन बाइट देतो. आता “जळगाव” लिहा: ज, ळ, ग, काना, व. पाच खुणा, पंधरा बाइट, पंधरा ठोके. पंधरा गुणिले १.६ म्हणजे चोवीस मीटर.

जिन्यातून नव्याने घेतलेली माझी केबल पंचवीस मीटरची आहे. मी “जळगाव” पाठवलं तर एका क्षणी खालच्या राउटरपासून वरच्या टेबलापर्यंत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर, तारेत हा एकच शब्द पडलेला असतो. ज राउटरच्या दारात पोचलेला आणि व नुकताच माझ्या खोलीतून निघालेला. १२० नॅनोसेकंदांत तो शब्द तारेतून पूर्ण वाहून जातो. त्याच हिशोबाने “धुळे” १९ मीटरचं आणि “खानदेश” जवळजवळ २९ मीटरचं. माझ्या जिन्यात खानदेश मावत नाही.

खरं तर तारेत शब्द एकटा जात नाही. त्याच्यावर पाकीट चढतं, पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता. आणि पाकीट कितीही रिकामं असलं तरी ६४ बाइटांपेक्षा लहान चालत नाही. कमी पडलं तर कार्ड शून्यं भरून ते पुरं करतं. हा ६४ चा नियम कुठून आला हे शोधायला गेलो आणि पोचलो पांझरेच्या काठी.

पांझरेचा फड

साक्री तालुक्यातून धुळ्याकडे येणाऱ्या पांझरा नदीवर फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी प्रत्येकाने आपल्या मर्जीने घ्यायचं नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाळीने प्रत्येक शेताला पाणी देतो, जागल्या राखण करतो. पाट एक, तहानलेली शेतं अनेक, आणि तरी तंटा नाही, कारण पाळी ठरलेली आणि पाटकरी सर्वांचा.

संगणकांपुढे १९७३ साली हाच प्रश्न उभा होता. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांना खोल्याखोल्यांतले संगणक एकाच जाड केबलला जोडायचे होते. मेटकाफने २२ मे १९७३ रोजी आपली कल्पना टिपणात मांडली. पाट एक, यंत्रं अनेक. पण त्यांनी पाटकरी नेमला नाही. त्यांनी प्रत्येक यंत्राला रीत शिकवली. बोलण्याआधी ऐका. कोणी बोलत असेल तर थांबा. शांत असेल तर बोला, पण बोलताना ऐकत राहा. दोघं एकदमच बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं आणि मनाने एक आकडा धरून तेवढं थांबायचं. पुन्हा टक्कर झाली तर जास्त मोठ्या पल्ल्यातला आकडा धरायचा. तंटा जितका वाढेल तितका धीर वाढवायचा. कोणी हुकूम देणारा नाही, पाळीची वही नाही, आणि तरी सगळ्यांचं बोलणं होतं.

मेटकाफच्या डोळ्यांसमोर हवाई बेटांवरचं अलोहानेट होतं. तिथे बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओवर न ऐकताच बोलायची आणि टक्कर झाली तर पुन्हा बोलायची. त्याला ‘आधी ऐकण्याची’ जोड मिळाली आणि तारेचा पाट भरून वाहू लागला. नाव ठेवलं इथरनेट. एकेकाळी शास्त्रज्ञ मानत की अवकाशात सर्वत्र ईथर भरला आहे आणि प्रकाश त्यातून वाहतो. ईथर नसल्याचं पुढे कळलं, नाव मात्र तारेला चिकटलं. हे तंत्र साध्या टेबलावरच्या संगणकात पोचलं तेही माझ्या हातातल्यासारख्याच वेगळ्या कार्डातून: मेटकाफच्याच थ्रीकॉम कंपनीने १९८२ साली आयबीएम पीसीसाठी इथरलिंक कार्ड आणलं.

आता ६४ बाइटांचं कोडं सुटतं. दोघांची टक्कर झाली तर ती बोलणाऱ्याला कळली पाहिजे. लांबच्या टोकाला झालेल्या टकरीची चाहूल परत येईपर्यंत त्याने बोलत राहायला हवं. आधीच गप्प झाला तर आपला निरोप वाया गेला हे त्याला कळणारच नाही. सगळ्यात लांब केबलवर जाऊन यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ पुरेल इतकं पाकीट, म्हणजे ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट. आज माझ्या जिन्यातल्या केबलवर टक्कर होतच नाही. तरी कार्ड अजून पाकीट ६४ पर्यंत भरतं. नदीचं पात्र बदललं तरी जुन्या घाटाच्या पायऱ्या राहाव्यात, तसा हा नियम राहिला आहे.

जळगावचं ठिबक

टक्कर होत नाही, कारण मधल्या काळात पाटाचं ठिबक झालं.

मी पहिलं नेटवर्क पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. टीव्हीच्या केबलसारखी एक काळी तार बाकाबाकावरून गेलेली, प्रत्येक संगणकामागे टी आकाराचा तुकडा आणि तारेच्या दोन्ही टोकांना छोटं टोपण. कोणी पोराने ते टोपण चाळा म्हणून काढलं की सगळा वर्ग बंद पडे, कारण मोकळ्या टोकावरून आवाज उलटून परत येई आणि सगळ्यांच्या बोलण्यात मिसळे. पाट एकाने फोडला की सगळ्यांचं पाणी जातं, अगदी तसं.

पाट मोडून प्रत्येकाला स्वतःची नळी देण्याचं काम केलं स्विचने. अनेक दारांचा पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आला. त्याला सात दारं होती, आणि तो करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं नाव होतं कल्पना. भारतीय वंशाचे सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. पुढे १९९४ साली सिस्कोने ती कंपनी घेतली. आज जगातल्या प्रत्येक कचेरीत, रुग्णालयात, घरातल्या राउटरच्या पोटात बसलेल्या स्विचच्या मुळाशी हे नाव आहे.

स्विच हा पाटकरीच आहे, पण त्याला गावातली शेतं कोणी दाखवलेली नसतात. तो दारात बसून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि मनात टिपतो: हा पत्ता तिसऱ्या दारापलीकडे राहतो. पुढे त्या पत्त्यावर पाकीट आलं की ते फक्त तिसऱ्या दाराने सोडतो. ज्याचा पत्ता माहीत नाही त्याचं पाकीट सगळीकडे पाठवतो आणि उत्तर कुठून येतं ते पाहून शिकतो.

आमच्या जळगावात हा बदल लोकांनी शेतात पाहिला आहे. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने इथून ठिबक देशभर नेलं. पाटाने मोकाट जाणारं पाणी नळीत आलं आणि केळीच्या प्रत्येक खोडाशी आपापला थेंब पडू लागला. कोणाला पाळीची वाट पाहायची गरज उरली नाही. धुळ्याच्या फडाने वाटून घ्यायला शिकवलं, जळगावच्या ठिबकाने प्रत्येकाची नळी वेगळी केली, आणि इथरनेटची तार वीस वर्षांत एका पद्धतीकडून दुसरीकडे गेली. वायफाय मात्र अजून फडच आहे. हवा एकच, फोन अनेक, आणि प्रत्येकाने आधी ऐकून मग बोलायचं. संध्याकाळी सगळं घर नेटवर असतं तेव्हा केबल लावलेला संगणक निवांत चालतो, त्याचं कारण एवढंच.

एकाच वेळी दोघं

नळी वेगळी झाल्यावर आणखी एक गोष्ट शक्य झाली. गिगाबिट कार्ड १९९९ च्या प्रमाणानुसार चारही जोड्यांवर एकाच वेळी बोलतं आणि ऐकतं. वेगळी जायची आणि वेगळी यायची तार नाही. त्याच तांब्यात माझा दाब आणि राउटरचा दाब एकमेकांवर चढलेले असतात.

मग ऐकू कसं येतं? कार्डाला स्वतः काय बोललं ते ठाऊक असतं. आपला आवाज केबलच्या कोणत्या सांध्यावरून किती उलटून येतो हेही त्याने मोजून ठेवलेलं असतं. दर आठ नॅनोसेकंदांना ते तारेतल्या एकूण दाबातून स्वतःचा आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी वजा करतं. उरतं ते समोरच्याचं बोलणं. पहाटे जात्यावर दोघी बसून एका सुरात ओवी म्हणायच्या, तेव्हा प्रत्येकीला स्वतःच्या आवाजातून दुसरीचा आवाज वेगळा ऐकू यायचाच. कार्ड तेच करतं, सेकंदाला साडेबारा कोटी वेळा.

आणि ऐकलेलं सगळं ते खरं मानत नाही. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ३२ बिटांची एक पडताळणीची संख्या असते, आतल्या प्रत्येक बिटावरून काढलेली. कार्ड स्वतः तो हिशोब पुन्हा करतं. जुळला नाही तर पाकीट तिथल्या तिथे टाकून देतं. संगणकाला दाखवतही नाही. पाकीट पोचलं नाही हे वरच्या थरातल्या प्रणालीच्या लक्षात येतं आणि ती ते पुन्हा मागवते. पार मोडतोड झालेलं पाकीट योगायोगाने जुळून जायची शक्यता सुमारे ४३० कोटींत एक. चुकीचं ऐकलं असेल तर पुढे सांगायचं नाही, ही शिस्त सातशे रुपयांच्या त्या पट्टीत आहे.

कार्डाचा पत्ताही त्याच्यावरच्या चिकटपट्टीवर छापलेला आहे: बारा अंक-अक्षरं, ४८ बिट. पहिला अर्धा भाग कंपनीचा, तो आयईईई ही संस्था देते. दुसरा अर्धा कंपनी प्रत्येक कार्डाला वेगळा देते. एकूण पत्ते होतात २८१ लाख कोटींहून जास्त. म्हणूनच कार्ड बदललं की नेटवर्कच्या लेखी संगणक नवाच होतो. गावोगावचे केबलवाले पूर्वी थेट संगणकात नेट देत, तेव्हा कार्ड बदलल्यावर त्यांना फोन करून नवा पत्ता सांगावा लागे, नाहीतर दार उघडत नसे.

बसवताना

संध्याकाळी भाचा फोनवर होता आणि मी जमिनीवर, कॅबिनेट आडवं करून.

“पॉवरची वायर काढली?”

“काढली.”

“आता चालू करायचं बटण एकदा दाबून सोडा. आत साठलेली वीज निघून जाईल. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.”

खानदेशातला उन्हाळा कोरडा. टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट ठिणग्या उडतात त्या काही हजार व्होल्टच्या असतात. चिपचं नुकसान व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरतात आणि ते आपल्याला जाणवतही नाही. पत्र्याला हात लावला की अंगावरचा भार उतरतो.

मागच्या बाजूची झाकणाची पट्टी काढली. मदरबोर्डवरची सगळ्यांत आखूड फट शोधली, बोटाच्या एका पेराएवढी. कार्ड कडेने धरलं, सोनेरी किनारीला बोट न लावता. दोन्ही टोकांवर सारखा जोर दिल्यावर ते दबक्या आवाजात बसलं. या फटीतही तराजूच आहे: एक जोडी जायला, एक जोडी यायला, आणि जुन्यातली जुनी पीसीआय एक्सप्रेस फटही गिगाबिटच्या दुप्पट भार वाहते. एक स्क्रू आवळला. संगणक सुरू केला, विंडोजने कार्ड ओळखलं आणि ड्रायव्हर स्वतःच घेतला.

“केबल लावा मामा. आणि ती शुद्ध तांब्याचीच आहे ना? ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते, ती घेऊ नका. लाइटच्या वायरीला चिकटवून नेऊ नका. घराबाहेरून दुसऱ्या घरात न्यायची असेल तर तांबं नकोच, फायबर टाकू. काचेतून वीज येत नाही.”

केबल आत सरकवली. टक् असा आवाज झाला.

दिवा लगेच लागला नाही. तो नेहमीच दोन-तीन सेकंद घेतो आणि आजवर मी ते सेकंद वाट पाहण्यात घालवले होते. या वेळी मला कळत होतं की आत काय चाललं आहे. दोन टोकांची दोन यंत्रं एकमेकांना विचारत होती: तुला किती वेग जमतो? आपल्या दोघांनाही जमणाऱ्यांतला सगळ्यांत मोठा कोणता? मग त्यांनी ठरवलं की ताल कोणी धरायचा आणि त्या तालावर कोणी चालायचं. मग दोघांनी तारेत ठरलेले ठोके सोडून ही केबल मोजली: कुठे वळण आहे, कुठे सांधा, कोणता आवाज किती उलटून येतो. नगरातल्या लाखो केबलींपैकी नेमकी ही, माझ्या जिन्यातली, ती दोघं शिकून घेत होती.

हिरवा दिवा लागला. शेजारचा पिवळा लुकलुकायला लागला.

मी भाच्याला निरोप टाईप केला. एकच शब्द: जळगाव. पत्ते, पाकिटं, कुलपं यांच्यात गुंडाळून तो चोवीस मीटरचा शब्द जिन्यातून खाली उतरला, दाण्याएवढ्या कड्यांत चुंबक होऊन पुन्हा वीज झाला, काचेच्या तंतूत शिरून उजेड झाला आणि नव्वद किलोमीटरवरच्या देवपुरात पोचला. फोनवर भाचा म्हणाला, “आलं मामा,” आणि माझ्या पडद्यावर त्याचं उत्तर उमटलं. धुळे. एकोणीस मीटर. माझ्या जिन्यात आरामात मावलं.